भूरो

मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा
बडोद्याचं गुजराती मला अर्धंच कळायचं,
आणि कळलेलं अर्धं बहुतेक चुकीचं असायचं.
रावपुऱ्यात ताहेरभाई घडियालींच्या दुकानात
सासऱ्यांचं घड्याळ आणायला गेले होते.
झालं नव्हतं. बस, म्हणाले.
बसले.
त्याला आता एकवीस वर्षं होतील.

पहिलं काम स्क्रूला रंग आणण्याचं.
रंग आणायचा म्हणजे लावायचा नाही.
पितळेच्या किसावर पोलादी स्क्रू, अर्ध्या तिळाएवढा,
खाली स्पिरिटचा दिवा,
आणि बघत राहायचं.
"भूरो थाय एटले उतारी लेजे."
आधी तो वाळल्या गवतासारखा पिवळा झाला,
मग पिंगट. आमच्याकडे भुरा म्हणतात तसा,
भुऱ्या मांजराचा.
मी उतरवला, खुशीत पुढ्यात ठेवला.
ताहेरभाईंनी भिंग कपाळावर सरकवलं,
माझ्याकडे पाहिलं,
मग दाराबाहेर, टॉवरच्या वर, आभाळाकडे बोट केलं:
"आ भूरो."

एकच शब्द, दोन रंग,
आणि मधे दिव्यावरचे पाच-सहा श्वास.
तेवढ्यात जांभळा येऊन जातो.
जांभळ्यावर मन बसतं. उतरवावंसं वाटतं.
थांबायचं.
निळा आला की मात्र थांबायचं नाही,
पापणी लवली तर राखाडी,
आणि राखाडी परत येत नाही.

पुढचं सगळं या एका धड्यातच होतं म्हणा.
सुईच्या टोकानं माणकात तेल सोडणं,
बालकमानीचं शेवटचं वेटोळं
चिमट्यानं उचलून आतल्या अंगाला वळवणं:
त्यात माझी चार वर्षं गेली आणि किती कमानी गेल्या,
ते ताहेरभाईंनी कधी मोजलं नाही. मी मोजलं.
सासूबाई म्हणायच्या, तुझ्या मोदकांना पेट्रोलचा वास येतो.
येत असेल.

गेल्या महिन्यात अलकापुरीतला एक मुलगा आला.
पहिल्या पगारातून साठवून घेतलेलं स्विस घड्याळ,
न्हाणीघरात पडलेलं.
उघडलं, आणि मी हात मागे घेतला.
सिलिकॉनची बालकमानी.
चुंबक तिला ओढत नाही, गंज चढत नाही,
उन्हाळा-हिवाळा तिला ठाऊकच नाही.
चिमट्यानं वळवू म्हटलं तर वळत नाही, तुटते.
वळवायची गरजच नाही म्हणा,
मला चार वर्षांत आलं ते तिला जन्मतःच येतं.
खोटं कशाला सांगू, हेवा वाटला.
आणि बरंही वाटलं थोडं, ती तुटलेली होती म्हणून.

कंपनीला लिहिलं. सुटा भाग देत नाही,
घड्याळ पाठवा, सहा महिने.
मुलाला तसं सांगितलं. तो हसला,
म्हणाला, तोवर मोबाईलवर बघतो वेळ.

ताहेरभाई संध्याकाळी दुकानात येऊन बसतात.
काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले,
कान अजून कामावर आहेत:
घड्याळ कानाला लावून सांगतात,
दिवसाला बारा सेकंद पुढे,
आणि बाराच निघतात.
त्यांना म्हटलं, नवी कमान आलीय, हाताला बघा.
एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.
"छे?"
आहे.
"लागतुं नथी."
वजनच नाही त्याला.
बराच वेळ हात तसाच धरून राहिले,
जसा दिव्यावर मी धरायचे.
मग विचारलं, "रंग?"
मी भिंग लावून वाकले.
जांभळट, म्हटलं. भूरो थवानी तैयारीमां.
"अने?"
आणि तिथंच थांबलेला.
कुणी उतरवायला नको, कुणी थांबायला नको.

ते काही बोलले नाहीत.
सवयीनं मूठ मिटली त्यांनी.
उघडली तेव्हा तुकडा दिसेना,
रेषांत कुठे गेला कोण जाणे.
त्यांचा हात दिव्याखाली घेऊन
मी शोधत राहिले, आयुष्याची रेषा, पोलादाचे जुने चरे,
आणि ते विचारत राहिले,
मळ्यो? मळ्यो?
बाहेर शेजारच्यांनी शटर ओढलं.